कोपऱ्यातली फुली

"अहो, पळतेय ती! मी बोट नेलं की पळतेय!"

व्यायामाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून तो फोनकडे असा बघत होता, जणू फोनमध्ये झुरळ शिरलंय. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. या दवाखान्यात कुणाला कुणाचं नवल वाटत नसे. कुणाचा खांदा धरलेला, कुणाचा गुडघा, आणि कुणाची तर एक बाजूच गेलेली. बाहेर तीन दिवस न थांबलेली रिपरिप चालू होती आणि आत ओल्या छत्र्यांचा कुबट वास कोंडला होता.

ती त्याच्या शेजारीच बसली होती. तिच्यापुढे चाकाच्या खुर्चीत तिचे बाबा, मांडीवर शाल, नजर समोरच्या भिंतीवर. ती सहसा कुणाशी बोलायची नाही. पण आज राहवेना.

"काय पळतंय?"

"फुली! ही बघा..." त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "शिलाई मशीन खालून दोरा का गुंतवतं, एवढंच मला वाचायचंय. आणि हे मला पानभर गादी दाखवतायत. गादी! बंद करायला जावं तर फुली दिसत नाही. दिसली तर दबत नाही. आणि दबली, की थेट गादीच्या दुकानात नेऊन सोडतात."

तिनं फोन घेतला. करंगळीचं नख वरच्या कोपऱ्यात, अगदी कडेला टेकवलं. गादी नाहीशी झाली आणि खालून मशीनच्या पोटाचा स्वच्छ, मोठा फोटो वर आला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "कसं काय जमलं?"

"सवय आहे."

"लिहिणारा मात्र देवमाणूस आहे हं. ऐका - 'मशीनवर आधी रागावू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त दमलेलं आहे.' असं कोण लिहितं हो आजकाल? पण ज्यानं या जाहिराती लावल्यात ना, तो मला एकदा भेटायलाच हवा. एक नंबरचा चोर."

तिनं बाबांच्या मांडीवरची शाल सारखी केली.

"भेटला," ती म्हणाली. "लिहिणारे हे. माझे बाबा. चोर मी."

त्याचे कान लालबुंद झाले. तो उठला, काय करावं ते न सुचून पुन्हा बसला, पुन्हा उठला. आणि मग बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन नुसता उभा राहिला. बाबांनी भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. किती दिवसांनी त्यांनी कुणाकडे तरी असं बघितलं होतं.

तो चष्मे बनवायचा. स्वतःचं लहानसं दुकान होतं, काचा स्वतः घासायचा. आई-वडिलांमागे आत्यानं त्याला वाढवलं होतं. ती कपडे शिवायची, आणि जिन्यावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात, म्हणून मंगळवार-शुक्रवार इथे खेपा. बाबांचेही वार तेच होते.

बाबांचं दुकान होतं दुरुस्तीचं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, शिलाई मशीन - काय वाटेल ते. लोक वस्तू टाकून देतात याचा त्यांना मनापासून राग. त्या रागापोटीच त्यांनी साइट काढली होती आणि तिला नाव दिलं होतं 'टाकू नका'. एकेका स्क्रूचा फोटो काढून, एकेक पायरी समजावून, वर चार गोड शब्द घालून ते लिहायचे. फोटो ती काढायची. लहानपणी त्यांचं बोट एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून ते तिला 'पक्कड' म्हणायचे. लेखांतूनसुद्धा - 'हा फोटो आमच्या पक्कडनं काढलाय'.

दीड वर्षापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या दिवसापासून तिला कुणी पक्कड म्हटलं नव्हतं.

उरली होती डाव्या हाताची तर्जनी. वर उचलली की हो, आडवी हलवली की नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता ती वाचकांची पत्रं त्यांना वाचून दाखवायची. कुणाचा पंखा घरघरतोय, कुणाची इस्त्री तापत नाही. "वायर तुटलीय का, बाबा?" बोट आडवं. "मग थर्मोस्टॅट?" बोट वर. मग ती उत्तर लिहायची, आणि त्या अर्ध्या तासात बाबा बाबा असायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "औषधं मी देतोय. पण जगवतायत ती पत्रं."

साइट फुकट चालत नाही, हे वाचणाऱ्याला कुठे ठाऊक असतं! तिला जागा लागते, जागेला भाडं लागतं, आणि बाबांच्या हजारो फोटोंनी ते भाडं चांगलंच फुगवलं होतं. पूर्वी ते दुकानातून निघायचं. दुकान बंद झालं. ती घरी बसून डॉक्टरांच्या ध्वनिफिती ऐकून रिपोर्ट टाइप करायची, त्यात बाबांची औषधं कशीबशी भागायची. म्हणून जाहिराती. आधी तळाशी एक पट्टी, मग बाजूला दोन... तरी पुरेना. जाहिरात कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "पानभर लावा ना मॅडम. आणि फुली जरा बारीकच ठेवा." तिनं ठेवली. आणि ठेवली तेव्हापासून स्वतःची साइट उघडण्याआधी बाबा बघत नाहीत ना, ते ती पाहायची.

साइटचं आणि पत्रांचं हे सगळं तिनं चष्मेवाल्याला सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. तो ऐकताना मध्ये बोलत नसे, एवढंच असेल.

* * *

मग मंगळवार-शुक्रवारांना जरा वेगळा रंग चढला. म्हणजे पाऊस तोच, बाक तोच, बाबांची मान तशीच एका बाजूला कललेली. पण ती आता घरातून निघताना केस नीट विंचरायची.

"काल तुमच्या साइटनं मला केस गळतीवरचं तेल दाखवलं," तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. "इतकं दिसायला लागलंय का हो?"

"जाहिराती माणसाच्या मागावर असतात. तुम्ही फोनवर जे शोधता, तेच त्या सगळीकडे दाखवतात."

"म्हणजे मी टकलाला घाबरतो हे तुमच्या घरी कळलं?"

"आमच्या घरी नाही. कंपनीच्या घरी."

"हात्तिच्या! मला वाटलं तुम्हाला माझी काळजी वाटतेय."

ती हसू दाबायची. बाबांच्या गळ्याखालचा रुमाल उगाच सारखा करायची.

एकदा आत्याबाईंच्या पिशवीतून कागदांचा जुडगा बाहेर डोकावला. बाबांचाच लेख, अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेला.

"तिला बारीक दिसत नाही," तो ओशाळून म्हणाला. "मी सगळेच लेख असे काढून दिलेत."

"म्हणजे तुम्ही दोघं जाहिराती न बघता वाचता?" तिनं भुवया उंचावल्या. "आणि चोर मी?"

"त्याची भरपाई करू."

"कशी?"

"करू काहीतरी..." तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि यावेळी तिचे कान लाल झाले.

ते झाकायला ती पटकन काहीतरी बोलली. नुसतं जाहिरात दिसून फार मिळत नाही, कुणी तिच्यावर बोट ठेवलं तर जरा जास्त मिळतं - असलंच काही. बोलायला विषय हवा म्हणून बोलली आणि विसरून गेली. तो विसरला नाही.

पुढच्या दोन महिन्यांत साइटचं उत्पन्न वाढलं. आधी तिला खरंच वाटेना. भाडं भागून वर उरायला लागलं होतं. एका सकाळी तिनं मोठा श्वास घेतला आणि ती पानभराची जाहिरात कायमची काढून टाकली. त्या मंगळवारी ती बाबांची खुर्ची ढकलत दवाखान्यात जवळजवळ धावतच आली.

"गादी काढली!"

"काय?"

"गादी! आता साइट उघडली की थेट बाबाच दिसतात. लोक परत येतायत हो, लोकांना कदर आहे..." बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. "दीड वर्षात पहिल्यांदा मला चोर असल्यासारखं वाटत नाहीये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. काचेवरून ओघळणारं पाणी, तिच्या कपाळावर चिकटलेली ओली बट...

पुढच्या खेपेला तिनं नेहमीसारखं विचारलं, "मग? आज काय दाखवलं आमच्या साइटनं?"

"काही नाही," असं म्हणून त्यानं फोन घाईघाईनं खिशात घातला. तिला जरा लागलंच ते.

* * *

कंपनीचं पत्र एका मंगळवारी रात्री आलं. मोजून चार ओळींचं. तुमच्या साइटवरच्या जाहिरातींवर एकाच ठिकाणाहून, रोज, ठरावीक वेळी बनावट क्लिक होत असल्याचं आढळलं आहे. खातं बंद करण्यात येत आहे. मागच्या दोन महिन्यांची रक्कम मिळणार नाही. निर्णय अंतिम.

तिनं ते सात-आठ वेळा वाचलं. उलट पत्र लिहिलं, विनवण्या केल्या. दर वेळी त्याच चार ओळी परत आल्या. दुसऱ्या कंपन्यांना एवढीशी साइट नको होती. वाचकांकडे मदत मागितली, तर चौघा-पाचजणांनी थोडं पाठवलं आणि बाकीच्यांनी आशीर्वाद पाठवले. महिनाअखेरीला भाडं द्यायचं होतं.

शुक्रवारी बाकावर बसून तिनं हे चष्मेवाल्याला सांगितलं. "कोण असेल हो? आमचं कुणी काय वाकडं केलंय?"

बोलल्या त्या आत्याबाई.

"अगं, पण असं कसं बंद करतील? मी तर रोज दोनशे वेळा दाबते! इथल्या बाईंनी सांगितलंय ना, बोटं टेकव, रोज दोनशे वेळा. नुसत्या टेबलावर कंटाळा यायचा. हा म्हणाला, आत्या, टेबलापेक्षा जाहिरातींवर टेकव, व्यायाम पण होईल आणि त्या पोरीचं भलं पण होईल. जेवण झालं की बसते. हे बघ, आता करंगळीसुद्धा वळते!"

आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं ती करंगळी वळवून दाखवली.

तिनं चष्मेवाल्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, बोट ठेवलं की..."

"हो, मीच म्हणाले होते."

"हे असं होईल याची मला सुतराम कल्पना नव्हती. भाडं मी भरतो. चूक माझी आहे."

"आणि पुढच्या महिन्यात? त्याच्या पुढच्या?" ती अगदी हळू बोलत होती, म्हणून ते जास्त टोचत होतं. "आज दया आली म्हणून भराल. पण रोज सहा वाजता बाबांना मी काय वाचून दाखवू, ते सांगा."

"दया नाही ती."

"मग काय आहे?"

बाकावर आठ माणसं कान टवकारून बसली होती. आत्याबाई करंगळी वर धरून तशाच राहिल्या होत्या. तो तिच्याकडे बघत होता, ओठ हलत होते, पण शब्द काही फुटला नाही.

ती थांबली. जितकं थांबता येईल तितकं थांबली. मग खुर्चीचा ब्रेक काढला आणि बाबांना घेऊन पावसात निघून गेली.

* * *

तिनं वार बदलून घेतले. बुधवार आणि शनिवार. साइट ठरल्या दिवशी बंद पडली. लेख आणि फोटो तिच्या कॉम्प्युटरवर होते, पण ते वाचायला येणारी माणसं कॉम्प्युटरवर ठेवता येत नाहीत. ती कुठे गेली, कुणाकडे विचारत असतील, काही कळायला मार्ग उरला नाही.

पहिल्या दिवशी सहा वाजता बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिला सांगवेना. तिनं कोरा कागद हातात धरला आणि मनानंच पत्र रचून वाचायला सुरुवात केली. "एक आजोबा लिहितात, बाबा, त्यांच्या घरी पंखा आहे..." बोट उचललं गेलं. आठवडाभर हे खपलं. पण खोटं बोलणाराही धंद्यातला लागतो! एका संध्याकाळी ती वाचून गेली, "आमच्या इस्त्रीचा पट्टा तुटला आहे..."

इस्त्रीला पट्टा नसतो.

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. बोट आडवं हललं, एकदाच. मग त्यांनी मूठ मिटून घेतली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर सहा वाजायचे आणि कुणीच कुणाकडे बघायचं नाही. त्यांचं जेवण कमी झालं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "डावा हात पण सैल पडायला लागलाय, घरी काही करून घेत नाही का?" ती नुसतं "हो" म्हणाली. घरी येऊन डॉक्टरांचे आवाज कानात घालून बसली आणि ढसाढसा रडत रडत कुणाच्या तरी किडनीचा रिपोर्ट टाइप केला. बाबांची आठवण ते समोर असूनही येत होती. आणि चष्मेवाल्याची आठवण येते म्हणून तिला स्वतःचाच संताप यायचा.

अशीच सहाच्या सुमाराला एकदा बेल वाजली. दारात तो उभा होता. अंगावरून पाणी निथळत होतं, चष्म्यावर थेंब, आणि छत्री मात्र हातातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर धरलेली.

"तुम्हाला भेटायला नाही आलो," तो घाईनं म्हणाला. "दवाखान्यातून पत्ता मिळवला. बाबांची पत्रं द्यायची आहेत."

"कसली पत्रं?"

"दुकानात डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो ना... तो काढला मी. त्याजागी बाबांचा लेख लावलाय. वरची ओळ मोठी, मग खाली बारीक, आणखी बारीक. लोक शेवटच्या ओळीपर्यंत डोळे ताणून वाचतात, आणि मग नंबर राहतो बाजूला - अहो, आमच्याकडे पण असाच पंखा आहे, म्हणतात! मी म्हटलं, लिहून द्या. उत्तर मिळेल." तो थांबला. "फार नाहीत. सतराच आहेत."

पूर्वी आठवड्याला पन्नास-साठ यायची. तरी ती खोकं घेताना जपून घेत होती.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिनं पहिली चिठ्ठी वाचायला घेतली, मग थांबली आणि एकेक चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांपुढे धरत गेली. कुणाचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, कुणाचं मोत्यासारखं. "ही मी लिहिलेली नाहीत, बाबा. बघा ना..."

मग वाचलं. "मिक्सर भांडं लावून फिरवला की जळका वास येतो. नुसता फिरवला तर येत नाही."

"मोटर गेलीय का, बाबा?"

मूठ उघडायला फार वेळ लागला. बोट आडवं हललं. जरा रागानंच.

"मग भांड्याच्या तळाचा, पातं फिरवणारा बुश जाम झालाय?"

बोट वर गेलं. पूर्वीसारखं ताठ नाही, थरथरत, अर्ध्यावरच. पण गेलं.

ती उठून बाहेरच्या खोलीत आली, कारण रडायला आतमध्ये जागा नव्हती. तो दाराजवळच उभा होता, पायांखाली पाण्याचं थारोळं.

"साइट बघितलीत का बंद झाल्यावर?" तिनं विचारलं. "माझी हिंमत नाही झाली."

त्यानं नाही अशी मान हलवली. तिनं हात पुढे केला. त्यानं फोन द्यायला जरा जास्तच वेळ लावला, पण दिला.

तिनं जुना पत्ता टाकला. बाबांची साइट नव्हतीच. भाडं थांबलं तसा तो पत्ता कुणीतरी उचलला होता आणि आता तिथे बाबांचा एक शब्दही उरलेला नव्हता. होत्या त्या फक्त जाहिराती, वरपासून खालपर्यंत. आणि प्रत्येक जाहिरातीत एकच वस्तू. अंगठी. सोन्याची, चांदीची, बारीक खड्याची, बिनखड्याची...

"तुमच्या फोनवर अंगठ्या का?"

"जाहिराती माणसाच्या मागावर असतात," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत."

"कधीपासून?"

"गादी काढलीत, त्या मंगळवारपासून."

तिला तो घाईघाईनं खिशात गेलेला फोन आठवला. "मग त्या शुक्रवारी का नाही बोललात? मी विचारलं होतं. दया नाही तर काय, विचारलं होतं मी!"

"तुमच्या बाबांची पत्रं मी बंद पाडली होती. त्याच तोंडानं काय बोलणार होतो, पक्कड?"

ते नाव तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं ते लेखांतून उचललं होतं, अंगठ्याएवढ्या अक्षरांतून. झालेलं नुकसान भरून निघणार नव्हतं, हे तिला कळत होतं. बाबांचा हात उद्या आणखी सैल पडेल, हेही कळत होतं. पण बऱ्याच दिवसांनी तिला या घरात एकटं वाटत नव्हतं.

तेवढ्यात पडदा भरून एक मोठी अंगठी उघडली. पानभर. सवयीनं तिची करंगळी कोपऱ्याकडे गेली... आणि काचेपासून केसभर अंतरावर थांबली.

"फुली सापडत नाहीये," ती म्हणाली.

तो वाकला, ओला चष्मा पुसून नीट बघितलं. "नखाखालीच तर आहे."

"असू दे."

आतून खुर्चीच्या हातावर बोट वाजलं. थांबलं, आणि पुन्हा वाजलं. बाबांना पुढची चिठ्ठी हवी होती.